रुमालाखालच्या दीर्घिका

खामगावच्या सुधाकर मास्तरांनी आकाशातला एक मोठा नियम शोधला, आणि तो कोणाला कळू नये म्हणून अकरा वर्षं खोलीला आतून कडी लावली. आम्हा शेजाऱ्यांना दिसायचं ते एवढंच, की त्यांच्या बायकोने, स्नेहलतावहिनींनी, चहा उंबऱ्यावर ठेवायचा आणि दारातून मास्तरांच्या एका हाताने तो आत ओढायचा. गल्लीने नाही नाही ते तर्क केले. त्यातले निम्मे माझे.

मास्तरांची ही लपवाछपवीची खोड वडिलांकडून आलेली. ते कापसाचे दलाल. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि तो घरीसुद्धा फोडायचे नाहीत. पोरगा गणिताचा मास्तर झाला, पण रुमाल सुटला नाही. संगणकावरही रुमाल टाकलेला असायचा.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची गावं. त्यांची परदेशी दुर्बिणींनी केलेली मोजमापं इंटरनेटवर फुकट मिळतात. मोठ्या दीर्घिकेत ऑक्सिजन, लोखंड असली जड द्रव्यं जास्त. लहानीला ती धरून ठेवता येत नाहीत, उधळली जातात. एवढं मास्तरांनी पुस्तकात वाचलेलं. पण सारख्याच वजनाच्या दोघींत जी भराभर तारे घडवते, तिच्यात ही द्रव्यं कमी निघाली! काऊन? एका लग्नात पाहुणे वाढले, आचाऱ्याने वरणात तांब्या-तांब्या पाणी ओतलं, आणि मास्तरांना उमगलं. बाहेरून ताजा वायू आला की तारेही वाढतात आणि आतलं सगळं पातळही होतं. भरलं ताट टाकून ते घरी पळाले.

आता या नियमाला आपलं नाव लागावं, एवढीच आस. त्यांचा जुना विद्यार्थी आल्हाद पुण्यात याच विषयात संशोधन करतो. दर दिवाळीला भेटायला यायचा, विचारायचा, "सर, सध्या काय चाललंय?"

"काही नाही बे. शब्दकोडे सोडवून राह्यलो."

यंदा सगळं पक्कं झालं, तेव्हा त्याला खोलीत नेऊन रुमाल उचलला. त्यांची खिडकी उघडी होती. माझीही.

"सर," आल्हाद म्हणाला, "हे दोन हजार दहालाच छापून आलंय. आम्ही नव्या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतो."

"अन् त्यांचं उत्तर?"

"हेच. तुमचं अगदी बरोबर आहे, सर."

इतक्या गोड आवाजात गळा कापावा तो पुण्यातच शिकून.

"एक डाव पोराले इचारलं असतं," वहिनी दारातून म्हणाल्या, "तं मायी अकरा वर्सं वाचली असती."

मास्तरांनी आल्हादचा हात धरला. "कोणाले सांगू नको, बेटा."

त्याने नाही सांगितलं. मीही नाही. फक्त पंजाबरावला सांगितलं, आणि पंजाबराव पंगतीत वरण वाढतो.

गेल्या आठवड्यातल्या लग्नात तो बादली घेऊन मास्तरांच्या ताटापाशी थांबला. "मास्तर, पातळ झालं बरं का! याले नाव कोनाचं देऊ?"

अख्खी पंगत हसली. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, भातावर पसरला आणि उठले. भरलं ताट टाकायची ही दुसरी खेप. या वेळी पळाले मात्र नाहीत.