ठेंगणं रोप

आमच्या गादीवाफ्यात एखाद्या वर्षी टमाट्याचं एखादं रोप ठेंगणंच राहायचं. पानं गडद हिरवी, चुरगळल्यासारखी. वडील ते उपटून बांधावर टाकत. दोन हजार सालच्या आसपास माझ्या धाकट्या बहिणीनं असं एक रोप उचलून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. का, ते घरात कुणी विचारलं नाही. ती विशीची, उंचीनं माझ्या खांद्याच्याही खाली. तिला बघायला पाहुणे यायचे, तिनं केलेल्या पोह्यांवर ताव मारायचे आणि नकार कळवायचे. एकजण तर म्हणाला, "फोटोत बसलेली होती होय!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

मी तेव्हा नाशकात वनस्पतिशास्त्र शिकत होते. सरांना रोपाबद्दल विचारलं. ते म्हणाले, वाढीसाठी झाडंही स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. या रोपाला ते बनवता येत नसावं. झाडं आणि प्राणी फार पूर्वी एकाच घरातून वेगळे निघाले, पण जुनी भांडी, म्हणजे जनुकं, दोघांकडेही राहिली. पुढे प्रत्येकानं त्यांत आपापला स्वयंपाक केला, म्हणून स्टेरॉइडं निराळी. तरी भांडी इतकी सारखी, की अशाच एका खुज्या झाडात माणसाचं जनुक घातलं, तर ते वाढलं.

हे मी घरी मोठ्या हौसेनं सांगितलं. बहीण मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"ताई, माणसाचं झाडाला चालतं, मग झाडाचं माणसाला?"

"नाही गं चालत."

"आधी झाडाला तर देऊन बघू."

झाडांच्या त्या स्टेरॉइडचं औषध द्राक्षबागेत फवारतात, त्यातलंच थोडं सरांनी पातळ करून दिलं. ती रोज सकाळी शेंड्यावर थेंब सोडायची. काही दिवसांनी शेंडा सरळ वर निघाला. नवी पानं रुंद, सपाट. वडीलसुद्धा वाकून बघून गेले. "लय भारी वाढलं," म्हणाले.

मला वाटलं, ती हसेल. ती डब्यापाशी उकिडवी बसली होती. शेंड्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ताई, खालची पानं?"

"ती आधीच तयार झालेली. आता तशीच राहणार."

त्या चुरगळलेल्या पानांवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग उठली.

"उद्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणावं. पोहे नाय करायची मी आता."

रडू मला आलं. ती खुरपं घेऊन वाफ्यात गेली.