छत्रीवाला पुसला तेव्हा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी अमावस्येचं काही सांगू लागलं की पहिला मी हसतो. पण हे माझ्याच हातून घडलं... तेव्हा आज हसायचं काम तुमचं!

१९९४चा उन्हाळा. दर रविवारी मी बारामतीहून एसटीनं इंदापूरला आबा पेंटरांकडं शिकायला जायचो. त्यांनी तरुणपणी काढलेलं तिथल्या बाजारपेठेचं जलरंगातलं चित्र भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होतं. काचेवर दोऱ्याच्या चौकटी ताणलेल्या. आपल्या कागदावर तेवढ्याच चौकटी आखायच्या आणि एकेक उतरवायची.

"डोकं चालवायचं न्हाय. हाय तेवढंच काढायचं," आबांचा दम.

ज्याची नक्कल बिनचूक, त्याला ते पुण्याच्या सिनेमा-बॅनरवाल्या पेंटरकडं पाठवणार होते. उमेदवार दोन – मी आणि पळसदेवची शालन. तिच्या चित्राच्या कोपऱ्यातला छत्री दुरुस्त करणारा असा, की आत्ता मान वर करील! माझा म्हणजे उकिडवा बसलेला बटाटा.

"बारामतीकर, ह्याला पाय हायती का?" शालन खिदळली.

पोटात नुसती आग! आबा आणि शालन चहाला बाहेर गेले. मी ओला स्पंज घेतला आणि तिचा छत्रीवाला पुसून टाकला. वर मातीचा रंग सारवला. खोटं कशाला बोलू, फार गार वाटलं.

मग सहज भिंतीकडं पाहिलं... काचेआडच्या मूळ चित्रातही छत्रीवाला नव्हता! फ्रेमवरची धूळसुद्धा हललेली नाही.

आबा आले. शालनचा कागद चौकट-चौकट ताडून मान डोलावली. माझ्या कागदापाशी थबकले.

"ह्यो कोण रं?"

"आबा, छत्रीवाला! तुमीच काढलाय की!"

"मी? तितं कधीच कुणी नव्हतं."

आता आली का पंचाईत! तो होता हे सिद्ध करायचं तर आपलं पाप सांगायला हवं. शेवटी ओरडलोच, "शालनचा मी पुसला!"

"काय पुसलंस? मी तितं काय काढलंच न्हाय," शालन म्हणाली.

"अगं, मघाशी तूच इचारलंस, ह्याला पाय हायती का!"

"कुनाला?"

शालन पुण्याला गेली. मी इथंच, जळत. त्या माणसाचं जगात एकच चित्र उरलंय, माझं. त्याला चेहरा नाही. चेहरा शालनला साधला होता... आणि तो मी पुसला.