मोजणीबाई आणि तेरा मिलिसेकंद

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. आम्ही क्रेन चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर बनवतो. शिकणारा खुर्चीत बसून दांडा ओढतो आणि समोरच्या पडद्यावर क्रेनचा हूक हलतो. ते चित्र ग्राफिक्स कार्ड सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा नव्याने रंगवतं. एका चित्राला किती वेळ लागला, ते मोजणं हे बाईंचं काम. नऊ वर्षांपूर्वी मोजणारा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला होता.

बाई ताकही फुंकून पिणाऱ्या. नवऱ्याने एकदा सहज फुलं आणली, तर म्हणाल्या, "आधी सांग, काय फोडलंस?"

एका सोमवारी नवी आवृत्ती आली आणि बावीस मिलिसेकंदांचं काम तेरावर आलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या कपाळावर आठी. त्यात हे काम त्यांच्या धाकट्या दिराचं. त्याला इथे चिकटवलं होतं बाईंनीच, आणि राहायलाही तो त्यांच्याच घरी, वरच्या मजल्यावर.

"भाऊजी, आठवड्यात एवढा फरक?"

"वहिनी, कधीतरी शाबासकी द्या की!"

चाचणीत पडद्यावरचा कॅमेरा नेहमी ठरलेल्या वाटेने फिरायचा. त्या वाटेपुरतंच काही हलकं केलं असेल, म्हणून बाईंनी तो उलटा फिरवला. तेरा. चाचणी चालू आहे हे प्रोग्रॅम ओळखत असेल, म्हणून तिचं नाव बदललं. तरी तेराच. शंका फिटायच्या ऐवजी बळावली. घरी दीर फोनवर बोलताना आवाज खाली आणायचा, बाई खोलीत आल्या की लॅपटॉप मिटायचा. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

गुरुवारी गिऱ्हाइकाकडचे उस्ताद नवी आवृत्ती चालवून बघायला आले. सव्वीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, आता शिकवायचा. दहा मिनिटांत खुर्चीतून उठला. "मी ओढतो, ही बया विचार करते, मग हलते!"

"उस्तादांचं वय झालं," साहेब हळूच म्हणाले.

बाईंचा विश्वास ना उस्तादांवर, ना आकड्यांवर. त्यांनी दुपारी फोन स्टँडवर लावला आणि हात व पडदा दोन्ही दिसतील असं स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. जुन्या आवृत्तीत हात हलल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात हूक हलत होता. नव्यात त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता.

त्या तडक दिराच्या टेबलापाशी गेल्या. आम्ही पाच जण ऐकत होतो. "भाऊजी, तुम्ही आकडे फिरवलेत."

त्याचा चेहरा उतरला. "तुमच्या मोजणीला मी हात लावलेला नाही, वहिनी. पण ती कधी कुणी तपासली?"

बाई जागेवर आल्या आणि आपलाच जुना प्रोग्रॅम वाचायला बसल्या. तासाभराने मला बोलावून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. कार्डाकडे काम सोपवलं, की तिथेच मोजणी थांबत होती. काम पुरं झालं की नाही, हे बघितलंच जात नव्हतं. जुनी आवृत्ती दर चित्राला कार्डाचं काम संपेपर्यंत ताटकळायची, म्हणून माप आपसूक बरोबर यायचं. वेग वाढावा म्हणून दिराने ते ताटकळणं काढून टाकलं. मग कार्डापुढे चित्रांची रांग लागली, आणि रांगेतला वेळ कुणीच मोजला नाही. बाईंनी खुद्द कार्डाकडून वेळ मागवला. एकवीस.

"गाढव आहे मी," त्या म्हणाल्या.

शुक्रवारच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "चूक माझ्या मोजणीची. भाऊजींवर मी खोटा आळ घेतला." रांग आखूड करायला आणखी तीन आठवडे लागले. गिऱ्हाईक चिडलं, साहेब बाईंवर चिडले. उस्ताद मात्र खुर्चीत अर्धा तास बसले.

फोनवरची कुजबुज होती दुसऱ्या नोकरीसाठी. ते दिराने जिन्यात स्वतःच सांगितलं. "घरी, ऑफिसात, दोन्हीकडे तुम्ही माझ्याकडे चोरासारखं बघता, वहिनी. किती दिवस सोसायचं?" हे सगळं त्यांनी मला डबा खाताना सांगितलं आणि डबा अर्धाच खाल्ला.

महिन्याने तो गेला. शेवटच्या दिवशी आपलं काम सोपवल्याचे कागद त्याने बाईंपुढे ठेवले. त्यांनी एक अक्षरही न वाचता सही केली. तो बघतच राहिला, मग वाकून पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, तर बाई माझ्याही आधी हजर. तेच कागद समोर, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक ओळीपुढे एक बारीक खूण.