भर उन्हात ठिणगी शोधणारे शहाणे

मैत्रिणींनो, आज ह्यांच्या होडीचं जुनं इंजिन मी भंगारातून वाचवलं! हे गेल्यापासून ते कधी सुरू व्हायचं, कधी नुसतं खोकायचं.

मुलगा रेल्वेत इंजिनिअर, निम्मं हिंदीच बोलतो. म्हणाला, "आई, छोड दो, स्पार्कच येत नाही." कबाडीवाला भैया दारात. चहाही नको म्हणाला मेला.

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "उन्हात ठिणगी दिसते होय रे?" खाडीवर हे करायचे तसं इंजिनावर गोधडी टाकली, आत डोकं घातलं, नातीला दोरी ओढायला लावली. ठिणगी होती की! पण चिरलेल्या वायरीतून मध्येच लोखंडावर उडत होती.

वायर बदलली. पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून दोरी ओढली, इंजिन धडधडलं, कबाडीवाला रिकामा गेला.

मुलगा विचारतो, "रखोगी कहाँ?" माझ्या पलंगाखाली! ज्याला पेट्रोलचा वास येतो, त्यानं अंगणात झोपावं. बरोबर ना गं?