गिरजाबाईचा पांढरा भात

गिरजाबाई रोह्याकडच्या गावात नवरी म्हणून आली ती सोळाव्या वर्षी. सासूनं हळद उतरायच्या आत मुसळ हातात दिलं नि बोलली, "दादल्याच्या ताटात लाल दाणा दिसला तर माझं नाक जाईल गो."

तवापास्नं तिनं दादल्याला, सखाला, लाल भात कधी वाढला नाय. गिरणी आली तरी तिथून नुस्तं भरडून आणायची, मग घरी उखळात तीन तीन वेळा सडायची. दाणा कसा, मोगऱ्याची कळी. खाली पडलेला कोंडा अर्धा म्हशीला, अर्धा आपल्याला. बाया मागाहून जेवायच्या, त्यांची कोंड्याची भाकर कोण बघतोय?

सखाचे दात गेले, मग तो नुस्ता भात नि आंबट सार खायचा. मागल्या साली त्याचे पाय बधिर झाले. चप्पल सुटून मागं रायली तरी कळायचं नाय. मग पाय सुजले, दम लागाया लागला. सगळे बोलले, म्हातारपण हाय. गिरजाबाईही तेच बोलली. त्यात सहा महिने गेले.

शेवटी लेकीनं दोघांना पेणला डॉक्टरकडं नेलं. त्यानं सखाचं खाणं विचारलं नि हिच्याकडं बघितलं. "आजी, तुम्ही काय खाता?"

"मी? कोंड्याची भाकर." तिला लाजच वाटली.

"तांदळाची ताकद त्या कोंड्यातच असते. तुमचे पाय बघा नि यांचे बघा. इंजेक्शनं सुरू करतो, पण हृदयावर गेलंय."

घरी येऊन तिनं ताजा कोंडा चाळला. ठेवला तर खवट होतो, म्हणून लगेच भाजला, गूळ घालून लाडू वळले. सखानं वास घेतला. "म्हशीला नको झाला वाटतं?"

"मी जन्मभर तेच खाल्लं."

त्यानं लाडू हातात फिरवला. मग हळूच बोलला, "नि मला कधी दिला नाय गो?"

आठ दिवस हिरड्यांनी चघळून खाल्लान. नवव्या दिवशी गेला.

बाराव्याला नणंद शकू भरडलेले तांदूळ घेऊन आली. "वयनी, पिंडाला पांढरेशुभ्र सड हां. दादाला लाल चालायचा नाय."

गिरजाबाईनं मुसळ उचललं. तीन वेळा सडलान. खाली पडलेला कोंडा सगळाच्या सगळा म्हशीच्या घमेल्यात ओतलान.

आता ती पण पांढराच भात खाते. लेक रडते, भांडते. ही ऐकत नाय.