दुधाच्या रिकाम्या कॅनमधली सतार

बाळांनो, तुमची आई सांगत होती की तुम्ही दोघं तिकडे रात्र-रात्र जागून इंटरनेटवर भुताखेतांचे अनुभव वाचता. वाचा, मग हाही वाचा. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगू दिली नाही, आणि कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आधी डॉक्टरकडे न्या म्हणायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे... आणि त्यानंतर जे झालं त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

अंबाजोगाईत आमचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत मी सतार शिकवायची. हैदराबादला एम.ए. करताना मी शिकले होते, ते हातातून जाऊ नये म्हणून शिकवण्या सुरू केल्या. विद्यार्थी सगळ्या वयाचे. सतार मांडीवर घेतली की तिच्यामागे दिसेनाशी होणारी पिंकी होती, पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर होते, आणि वत्सलाबाई होत्या.

वत्सलाबाई म्हणजे धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या चेअरमनच्या पत्नी. चेअरमन साखर कारखान्याचे. त्यांनीच बायकोला गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष करून ठेवलं होतं, सहीपुरतं. संस्थेच्या बँकेच्या कामाला म्हणून त्या जीपने अंबाजोगाईला यायच्या आणि माझ्याकडे बसायच्या. पन्नाशीच्या असतील.

"बाई, माज्या वयात येतं का हो हे?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"येईल. बोटं मात्र दुखतील."

"दुखू द्या की! लगीन झाल्यापासून धारा काढतीय मी. बोटांचं मला नका सांगू."

त्यांची सतार माझ्याकडेच राहायची. घरी नेणं शक्यच नव्हतं. मग सराव कशावर? ताक घुसळायच्या रवीच्या दांडीवर त्यांनी सतारीच्या पडद्यांच्या जागी दोरे बांधले होते. स्वयंपाकघरात बसून त्या त्यावरून बोटं फिरवायच्या, मनातल्या मनात सूर म्हणत. त्यातून एक चूक त्यांच्या हातात बसली. सा, रे, ग... आणि तिथे थांबायच्या. मग पुढे म, प. लय तुटायची. मी चिडायची.

"तिथं काय आहे? का थांबता?"

त्या ओशाळून हसल्या. "सासूबाई येतायत का ते बगते, बाई. सवय लागलीय."

ती सवय माझ्या खोलीतही सुटली नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात अशी चूक मी कधी पाहिली नाही.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. टँकर आला की गल्लीत भांडणं व्हायची. हवा इतकी कोरडी की सतारीचे भोपळे तडकायचे, म्हणून मी खोलीत ओलं फडकं टाकून एक पातेलं ठेवायची. वत्सलाबाईंच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, ती दूध संस्थेची. सभासद बायकांची जनावरं तिच्यावर जगत होती. आणि कारखान्याला ती विहीर हवी होती. ठराव तयार होता, अध्यक्षांची सही तेवढी बाकी होती. वत्सलाबाई सही टाळत होत्या. आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत, असं चाललं होतं.

मग कुणीतरी चेअरमनना सांगितलं की बाईसाहेब बँकेत जातच नाहीत.

एका दुपारी ते माझ्या खोलीत शिरले. चपला घालून. पिंकी शिकत होती, पोस्टमास्तर तारा जुळवत बसले होते, वत्सलाबाई भिंतीशी. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"वा! गावाला प्यायला न्हाई, आन् मास्तरीणबाई भोपळ्याला पाणी पाजतायत."

"चपला बाहेर काढा," मी म्हटलं.

"तुमी आमच्या बायकोला तमाशाला बसवणार, आन् आमी चपला काढायच्या?"

त्यांनी वत्सलाबाईंच्या मांडीवरची सतार ओढून जमिनीवर ठेवली आणि भोपळ्यावर पाय दिला. तो आवाज मी विसरलेले नाही. पिंकी किंचाळली. पोस्टमास्तर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. वत्सलाबाई पदर सारखा करून जीपमध्ये जाऊन बसल्या.

"परवा सभा हाय," चेअरमन जाताना मला म्हणाले. "सही करतीया ती. या बगायला."

आणि मी गेले! चारचौघांत त्या माणसाला जाब विचारायचा, एवढंच डोक्यात होतं.

सभा संस्थेच्या शेडमध्ये, भर दुपारी. वीज सकाळपासून नव्हती, त्यामुळे कर्णा मुका. भिंतीशी दुधाचे कॅन ओळीने उभे, झाकणं लावलेले, रिकामे. दूधच नव्हतं तर भरणार काय? चेअरमननी ठराव वाचला. बायकांनी हात वर केले. प्रत्येकीच्या घरचा ऊस त्यांच्याच कारखान्यात जायचा; तोड लांबवली तर ऊस रानातच वाळणार, हे त्यांना कळत होतं. मग चेअरमननी कागद वत्सलाबाईंपुढे सरकवला, पेन हातात दिलं.

मी बोलायला उठले होते. तेवढ्यात ते सुरू झालं.

सतार. कॅनमधून. एका कॅनमधून नाही, त्या सगळ्या ओळीतून... घुमत, पण स्पष्ट. सा. रे. ग.

मग थांबली.

मग म, प.

तो हात मी ओळखत होते. पुन्हा सा, रे, ग, पुन्हा तेच थांबणं. बायका एकमेकींना धरून बसल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "आगं माय, कॅन बोलायलेत!" चेअरमनच्या एका माणसाने धावत जाऊन झाकणं काढली. आत काही नव्हतं. झाकणं निघाली तरी आवाज चालूच होता.

वत्सलाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि कागद परत सरकवला.

"न्हाई करायची मला सही."

आवाज थांबला तो नेमका कधी, ते मला सांगता येत नाही. सगळे त्यांच्याकडेच बघत होतो.

आणि आता माझ्या संतापाचं. चेअरमन क्षणभर पांढरे पडले, मग काय केलं असेल त्या माणसाने? हात जोडले! कॅनच्या ओळीपुढे वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "देवीचा हुकूम झालाय. देवीपुढं आमी कोण?" लगेच नारळ आले. कॅनना हळद-कुंकू लागलं. बायको ऐकत नाही हे गावापुढे कबूल करण्यापेक्षा देवी सोपी होती. काही शहाणे म्हणाले, कॉलेजच्या बाईंनी टेप लपवली असणार. माझी पर्ससुद्धा उघडून बघितली. देवी चालेल, टेप चालेल, पण वत्सलाबाई स्वतःहून नाही म्हणाल्या, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. विहीर मात्र संस्थेकडेच राहिली.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. मी माझी सतार त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "वत्सलाबाई, तो आवाज तुमच्या हाताचा होता. तुम्हाला काय वाटलं तो ऐकून?"

"त्येच सगळी इचारतायत," त्या म्हणाल्या. "कसला आवाज, बाई? मला तर काईच ऐकू आलं न्हाई. समोर विहिरीवर म्हशी हुत्या, तेवढ्या दिसल्या."

"मग गावाला सांगा की तसं! देवी-बिवी काही नव्हती म्हणून."

"ऱ्हाऊ द्या. देवीचं म्हणतेत म्हणून घरात हात उचलला न्हाई कुणी."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी शिकवूच शकले नाही.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी कंपनांबद्दल पुष्कळ सांगितलं आणि शेवटी खांदे उडवले. त्या गावात आजही सांगतात की विहीर देवीने राखली. तुम्हाला कुणी तसं सांगितलं, तर त्याला माझ्या नावाने सांगा — वत्सलाबाई सोडून शेडमधल्या प्रत्येकाला तो आवाज ऐकू आला होता, आणि ज्यांना आला त्यातलं कुणीही ठरावाला नाही म्हणालं नव्हतं.