जानरावांचं लायसन आणि मनकर्णाबाईंचा कूलर

बडनेऱ्यात घराचं फिटिंग करायचं म्हटलं की लोक जानराव बोळ्यांचं नाव घेतात. घरचा धंदा भाजीपाल्याचा, पण जानराव लहानपणीच वांगी-कोथिंबीर सोडून वायरींच्या मागे लागले. वायरमनचा परवाना काढला, पुढे ठेकेदारीचं लायसनही मिळवलं. ते त्यांनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. ठेकेदार मीही आहे, पण माझं लायसन कपाटात असतं, यावरून ते मला अजून बोलतात. माणूस कामाला चोख, अडीनडीला धावणारा आणि कोणाचं म्हणून न ऐकणारा. या शेवटच्या गुणाचा मला भारी राग येतो.

गेल्या वैशाखात लायसनाच्या नूतनीकरणाआधी आम्हा ठेकेदारांना अमरावतीला एक दिवसाच्या वर्गात बसावं लागलं. जानरावांची वाटभर कुरकुर. शिकवायला प्रतीक्षा मॅडम, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. जानराव मागे बसून माझ्या कानाशी शेरे मारत राहिले. स्वतः ऐकलं नाही ते नाही, मलाही ऐकू दिलं नाही.

मग मॅडमनी कूलरचा विषय काढला. कूलर सुरू झाला की बऱ्याच घरी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो. घरचे वैतागून वायरमनला बोलावतात. तो गळती शोधत बसत नाही, स्विच वगळून वायरी परस्पर जोडून देतो. कूलर चालतो, चहा मिळतो, सगळे खूश. तपासणीत असं सापडलं तर लायसन जाईल, असं मॅडमनी बजावलं. मग म्हणाल्या, "आणि पाणी भरताना एखाद्याचा हात चिकटला, तर पडायला स्विचच राहिलेला नाही."

जानरावांचे शेरे थांबले. त्यांची थोरली बहीण मनकर्णाबाई तिवस्याला एकट्या राहतात. त्यांच्या घरी हाच उद्योग जानरावांनी स्वतःच्या हाताने करून ठेवला होता. त्यांनी तिथेच फोन लावला. बाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुपारी कूलर भरून त्यापुढे आडवं व्हायची बाईंची सवय. जानराव उठलेच. वर्ग अर्धवट सोडला तर नूतनीकरण अडकेल, असं मॅडम म्हणाल्या. अडकू द्या, म्हणाले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही वर्ग सोडून निघालो.

नागपूर रोडने भर उन्हात मी गाडी पळवली. मागे बसून ते फोन लावत होते. मला भीती वाटत होती आणि त्यांचा संतापही येत होता.

तिवस्याला दार उघडंच होतं. मनकर्णाबाई चालू कूलरमध्ये पाइप सोडून ओल्या फरशीवर उभ्या होत्या, पायात रबरी चप्पल. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. जानराव तडक मेन बोर्डाकडे गेले आणि लाइट बंद केली. बाईंना दूर बसवून त्यांनी वायरी सोडवल्या, ईएलसीबी पुन्हा जोडला आणि कूलर लावून पाहिला. स्विच लगेच पडला. कूलर उघडला तर पंपाच्या वायरची साल निघून तांबं पत्र्याला टेकलेलं.

बाईंनी वाकून पाहिलं. "म्हणूनच पत्र्याले हात लागला का झिणझिण्या येतात. मागच्या उन्हाळ्यापासून येऊन राह्यल्या."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगू काय? तू लायसनवाला. मले वाटलं, तू करून गेला म्हंजे बरोबरच असन."

जानराव पुन्हा कूलरपाशी बसले. पंपाची वायर बदलली आणि कूलर लावून स्वतःच पत्र्याला हात लावून पाहिला, एकदा नाही, तीनदा. मला त्यांची कीव आली, आणि मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

बडनेऱ्याला परतल्यावर ते घरी गेले नाहीत. असं जोडून दिलेली घरं त्यांना तोंडपाठ होती. माझ्याच गाडीवर बसून ते दारोदार गेले, आधी कूलर बंद करा म्हणून सांगू लागले. लोक बुचकळ्यात पडत. प्रत्येक दारात त्यांना तेच ऐकावं लागलं, की जानरावभाऊ, हे तर तुम्हीच करून दिलं होतं.